दुसरा आरसा

गाडी शिकवणारी बाई म्हटलं की लोक आधी बाईकडे बघतात, मग गाडीकडे, आणि मग हळूच स्वतःचा बेल्ट ओढून बघतात. तिला याची इतकी सवय झाली होती की कोणी तसं केलं नाही तर तिलाच चुकल्यासारखं वाटे. फिजिक्स घेऊन पदवी, मग लग्न, मग पोर, आणि पोर पाळणाघरात रुळल्यावर ही नोकरी. "प्रयोगशाळेत जाणार होतीस, आणि बसलीस कुठे, तर गाडीत," असं तिची आई अजून म्हणायची. पण तिला गाडीच आवडायची. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली आपला वेगळा ब्रेक, आणि काचेच्या कोपऱ्यात रबरी वाटीने चिकटवलेला आपला वेगळा आरसा. शिकाऊ गाडीत ब्रेकही दोन असतात आणि आरसेही दोन. मधला मोठा चालवणाऱ्याचा, कोपऱ्यातला छोटा शिकवणाऱ्याचा. घरात, जिन्यावर, पाळणाघराच्या फाटकाशी, सगळीकडेच आपल्या पायाखाली असा एक जादा ब्रेक असता तर किती बरं झालं असतं, असं तिला दिवसातून कितीदा तरी वाटे. मुलगी खुर्चीवर चढली की तिचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जाई. नवरा हसायचा.

ड्रायव्हिंग स्कूलचे मालक पेट्रोलला जिवापाड जपणारे. एका फेरीला तिघांना बसवायचे. एक चालवणार, दोघं मागे बसून बघणार, मग आळीपाळीने जागा बदलायच्या. "मागे बसलेला फुकटात शिकतो," असं ते प्रत्येकाला सांगत. मागे बसलेला फुकटात आणखी काय काय करू शकतो, याचा विचार त्यांनीही केला नव्हता आणि तिनेही.

त्या दिवशी गाडी चालवत होते काका, म्हणजे स्कूलमध्ये सगळेच त्यांना तसं म्हणत. नुकतेच निवृत्त झालेले, अंगावर कडक इस्त्री, स्टिअरिंग असं धरायचे जसं काही ते सुटून पळणार आहे. मागे एका बाजूला कॉलेजातला पोरगा, कानात कायम हेडफोन, म्हणून त्याचं नावच हेडफोन पडलेलं. दुसऱ्या बाजूला तिची धाकटी नणंद. घरचीच म्हणून तिला वेळेत सवलत, बोलण्यात नाही. मागच्याच फेरीला ती सगळ्यांदेखत नणंदेला म्हणाली होती, "टेस्टचं नाव काढू नकोस. तुला अजून गाडी कळलेली नाही." नणंद हसली होती. नणंद नेहमीच हसायची.

गाडी शाळेमागच्या गल्लीत वळली. दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या. आणि दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून एक पोर तीनचाकी सायकल हाणत सरळ रस्त्यात आलं. काकांनी ते पाहिलंच नाही. तिने पाहिलं, आणि पाय दाबला. गाडी जागच्या जागी आपटल्यासारखी थांबली, काकांचं कपाळ स्टिअरिंगला लागलं, हॉर्न वाजला. पोर दचकून तिथेच थांबलं, मग पलीकडच्या फुटपाथवर गेलं, आणि मागून त्याची आई धावत येताना दिसली. इकडे गाडीत शिकवणाऱ्या बाईच्या तोंडून जे निघालं ते निघालं.

"डोळे कुठे असतात तुमचे? काय मारायला आणलंय का मला इथे?"

नंतर तिने काकांना पाणी दिलं, गाडी बाजूला घेतली. झालं ते तिथेच संपलं असं तिने धरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसात शिरताना टेबलावर फोन घेणाऱ्या मुलीने मान खाली घातली. मग तीच म्हणाली, "ताई, तुम्ही बघितलंत का?" आणि मोबाईल पुढे केला.

पेजचं नाव होतं 'ब्रेकबाई'. क्लिप इतकी छोटी की जांभई देईपर्यंत संपावी. काकांचं कपाळ स्टिअरिंगवर, हॉर्न, आणि तिचा आवाज: काय मारायला आणलंय का मला इथे. मग परत कपाळ, परत हॉर्न, परत तिचा आवाज, खाली ढोलाचं काहीतरी संगीत. सायकल नव्हती. पोर नव्हतं. धावत येणारी आई नव्हती. सगळं कापून टाकलं होतं. उरली होती ती फक्त एक कजाग बाई, जी विनाकारण ब्रेक मारते आणि बापाच्या वयाच्या माणसावर खेकसते.

खाली लोकांनी तोंडसुख घेतलं होतं. हिला कोणी लायसन दिलं. हिच्या नवऱ्याला साष्टांग नमस्कार. घरी पोरावर पण असाच ब्रेक मारत असेल. म्हाताऱ्याचं डोकं फुटलं असतं म्हणजे. अनोळखी माणसं, हसरी तोंडं, एकाखाली एक.

तिने पहिली चूक तिथेच केली. उभ्याउभ्या, पर्स खांद्यावर, स्वतःच्या नावाने उत्तर लिहिलं. *कोण आहेस ते समोर येऊन बोल. लाज वाटत नाही का?* रात्रीच्या जेवणाआधी त्या उत्तराचंच स्टिकर झालं होतं. तिचा फोटो, कपाळावर आठी, आणि खाली: *समोर येऊन बोल*. जिथे तिथे लोक ते एकमेकांना पाठवू लागले, ज्यांना तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं तेही.

सगळ्यात आधी फोन आला तो नणंदेचा.

"वहिनी, बघितलं मी. किती घाणेरडे लोक असतात ना. तू एक काम कर, बघूच नकोस. सगळं डिलीट करून टाक, ज्यांनी पाठवलं त्यांना ब्लॉक कर. मोबाईल साफ कर. नाहीतर तू बघत बसशील आणि तुझं डोकं फिरेल."

"हेडफोनने केलं असणार," ती म्हणाली.

"मग काय. त्याचा मोबाईल कधी हातातून सुटतो का. मी पण बघत होते ना त्याला." आणि मग मायेने, "जेवलीस का?"

तिने सगळं डिलीट केलं. क्लिप, स्टिकरं, मैत्रिणींनी 'हे तू आहेस का' म्हणून पाठवलेले फोटो, मालकांचे मेसेज सुद्धा. घर पुसावं तसा मोबाईल पुसला. नवरा म्हणाला, "बरं केलंस. दोन दिवसांत लोक विसरतील." तो सज्जन माणूस होता. कटकट दिसली की तो बाजूने निघून जायचा, रस्त्यातला खड्डा चुकवावा तसा.

लोक विसरले नाहीत. पेजला चटक लागली होती. दोनेक दिवसांनी दुसरी क्लिप आली, मग तिचा कुठलातरी जुना फोटो. ऑफिसात फोन येऊ लागले. आमच्या मुलीला त्या बाई नकोत. त्या बाई आहेत का अजून? नसतील तरच पैसे भरतो. काकांनी येणं बंद केलं होतं. त्यांच्या मुलाने फोन करून मालकांना चांगलं झापलं होतं.

मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. केबिन म्हणजे प्लायवूडचा आडोसा, आत एक टेबल आणि भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा फाटका तक्ता.

"शनिवारपासून तुम्ही टेबलावर बसा. फोन घ्या, वेळा लावा."

"आणि गाडी?"

"गाडीवर दुसरा कोणी बघतो."

"मी काय चुकीचं केलं?"

"तुम्ही केलं की नाही, कोणाला पडलंय." मालक डोळे चोळत म्हणाले. "क्लिप आहे. लोक क्लिप बघतात. तुमची बाजू कोण बघणार? असेल काही तर आणा. नसेल तर टेबल."

शनिवारपर्यंत. म्हणजे तिच्याकडे गाडी आणखी थोडे दिवस. टेबलावर बसलेली बाई परत गाडीत जात नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आधीची एक गेली होती टेबलावर, बाळंतपणानंतर, तात्पुरती म्हणून. ती अजून फोन घेते.

दुसरी चूक तिने हेडफोनच्या बाबतीत केली. तो संध्याकाळी आला तर तिने सगळ्यांसमोर त्याला गाठलं.

"कानातलं काढ. काढ आधी. मोबाईल दाखव."

"का?"

"का म्हणे. तोंड वर करून विचारतोस? माझा व्हिडिओ काढून बाजार मांडलास आणि का?"

पोरगं गोरंमोरं झालं. "मॅडम, मी काहीच नाही केलं. मी झोपलो होतो."

"झोपला होतास. गाडी थांबली, हॉर्न वाजला, तू झोपला होतास."

कोणीतरी मागे हसलं. पोराने हेडफोन परत कानात घातले, पाठ फिरवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिला वाटलं, पटलं असणार, म्हणून तोंड लपवतोय. मनातून तिला बरंही वाटलं. कोणावर तरी राग काढायला मिळाला होता.

त्याच आठवड्यात एकदा मुलीचे बूट काढताना मुलगी म्हणाली, "आई, तू ब्रेकबाई आहेस?"

तिच्या हातातला बूट तसाच राहिला. "कोण म्हणालं तुला?"

मुलीने खांदे उडवले. "असंच. ब्रेकबाई, ब्रेकबाई." आणि गाडीसारखा आवाज काढून सोफ्याला धडकली, आणि खदाखदा हसली.

पाळणाघर, तिला वाटलं. पाळणाघरापर्यंत पोचलं. दुपारपर्यंत मुलगी पाळणाघरात असायची, आणि दुपारनंतर सासूबाईंकडे, दोन गल्ल्या सोडून. तिचं सगळं लक्ष पाळणाघराकडे गेलं. पुढच्या सकाळी फाटकाशी उभ्या असलेल्या प्रत्येक आईकडे ती डोळे बारीक करून बघत होती. यातली कोण हसतेय. यातल्या कोणाच्या मोबाईलमध्ये मी आहे.

आणि मग ती कॉमेंट आली. तिने डिलीट केलं असलं तरी बघणं थांबवलं नव्हतं. पेज उघडायची, बंद करायची, परत उघडायची. शुक्रवारी सकाळी बसस्टॉपवर उभ्याउभ्या तिने वाचलं: *हिची पोरगी त्या निळ्या फाटकाच्या पाळणाघरात असते. जाऊन विचारा तिला, आई घरी कशी असते ते.*

तिने आधी पाळणाघराच्या बाईंना फोन करून सांगितलं की मुलीला माझ्याशिवाय आणि आजीशिवाय कोणाच्या हाती देऊ नका, ओळखीचं वाटलं तरी. मग तिने बस सोडली, आणि दुसरी बस पकडून सरळ पोलीस चौकी गाठली.

चौकीत सायबर तक्रारींच्या टेबलावर एक बाई बसल्या होत्या. केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर कंटाळा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही च्च-च्च केलं नाही.

"लिंक?"

"आता पेज उघडलं तर दिसेल."

"स्क्रीनशॉट? पहिल्या दिवसापासूनचे?"

"सगळं डिलीट केलं."

त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "कोणी सांगितलं डिलीट करायला?"

"नणंदेने. म्हणाली, मोबाईल साफ कर."

"ताई, तुम्ही तुमचा मोबाईल साफ केलात. त्यांचा नाही. चोर घरात शिरून गेला आणि तुम्ही फडक्याने त्याच्या बोटांचे ठसे पुसून काढलेत, असं झालं हे."

ते ऐकून घेण्यासारखंच होतं.

"उत्तर दिलंत का कधी?"

"दिलं. त्याचं स्टिकर झालं."

"होणारच. आता एकही शब्द लिहायचा नाही. भांडायचं नाही, समजावायचं नाही. आधी गोळा करायचं. पेजचा पत्ता दिसला पाहिजे, तारीख दिसली पाहिजे. क्लिपा जशाच्या तशा उतरवून घ्या. ती पोरीची कॉमेंट पहिली. ती वाचली की वरचे साहेब उठून बसतील, बाकीच्याला हसतील. मग या, मी लिहून घेते. आणि पेजवर तक्रारीचं बटण असतं, ते पण दाबा. आधी गोळा, मग बटण. उलटं करू नका, नाहीतर पेज उडेल आणि तुम्ही परत रिकाम्या हाताने माझ्यासमोर बसाल."

"आणि मी काही बघायचं नाही, असं..."

"बघायचं. नीट बघायचं. तुम्ही आजवर ते रडत बघितलंय."

बाहेर आल्यावर तिला त्या बाईंचा राग आला होता. हिला काय जातंय. पण शब्द अडकून बसला. रडत बघितलंय.

ती ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या मोकळ्या जागेत गेली. भरदुपार, गाडी सावलीत उभी. ती आत बसली, तिच्याच सीटवर, दार लावून घेतलं. आधी ती कॉमेंट टिपली, पत्त्यासकट, तारखेसकट. मग बाकीच्या. एकेक शिवी वाचायची आणि टिपायची, वाचायची आणि टिपायची. गंमत म्हणजे टिपताना त्या शिव्या लहान होत गेल्या. मग क्लिपांवर आली. तिने आवाज बंद केला.

आवाज बंद केला आणि ती क्लिप एकदम वेगळी दिसू लागली. कजाग बाई गेली. राहिला रस्ता. काच, बॉनेट, गल्ली, काकांचे हात. आता ते दुसऱ्या कोणी चालवलेल्या गाडीचं दृश्य होतं आणि ती शिकवणारी होती. शिकवताना ती प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकायला लावायची. पाय हलवायच्या आधी आरसा. वळायच्या आधी आरसा. काहीही करायच्या आधी, आधी आरसा.

पहिल्या क्लिपमध्ये काचेचा कोपरा कापलेला होता. मधला आरसा दिसत होता, त्यात मागच्या सीटची नुसती पाठ. काढणाऱ्याने काळजी घेतली होती. मोबाईल खाली धरला होता, मधल्या आरशात येणार नाही असा.

दुसरी क्लिप जरा लांब होती. गाडी थांबल्यावरची. ती काकांवर ओरडतेय, मग पाण्याची बाटली शोधतेय. ही क्लिप घाईत टाकलेली, कडा न कापता. आणि त्यात कोपरा पूर्ण आला होता. कोपऱ्यात रबरी वाटी. वाटीखाली छोटा आरसा. तिचा आरसा, तिच्या उंचीला, तिच्या डोळ्यांच्या रेषेत लावलेला, जो ती दिवसभर बघते आणि जो शिकायला येणाऱ्यांपैकी कोणाच्याही लक्षात राहत नाही.

तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं.

आरशात एका बाजूला हेडफोन, मान मागे टाकून, तोंड उघडं. गाढ झोपलेला. खरंच झोपलेला होता. दुसऱ्या बाजूला मोबाईलची पाठ, आणि मोबाईलवरून डोकावणारे डोळे, आणि त्यांच्या खाली ओठ. ओठ दाबून हसणारे. लग्नात पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून ते हसणं ती ओळखत होती.

तळपायाची आग मस्तकात वगैरे गेली नाही. जेवलीस का, असं विचारलं होतं तिने. मुलगी दुपारनंतर कुठे असते? ब्रेकबाई, ब्रेकबाई. निळं फाटक कोणाला माहीत आहे?

मग तिने त्याही चित्राचा स्क्रीनशॉट घेतला, क्लिप उतरवून घेतली, आणि सगळं स्वतःच्या जुन्या मैत्रिणीलाही पाठवून ठेवलं. एकाच जागी ठेवायचं नाही, इतकं ती शिकली होती.

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात गेली तेव्हा मुलगी टेबलाखाली बसून खडूने रेघोट्या मारत होती, नवरा कामावरून सरळ तिथेच आलेला, नणंद ओट्याशी कांदा चिरत होती. ती दारातच उभी राहिली.

"पूर्ण क्लिप दे."

"कुठली क्लिप, वहिनी?"

तिने मोबाईल पुढे धरला. आरसा, मोठा केलेला. नणंदेने बघितलं. सुरी थांबली. मग नणंद हसली, आणि तेच हसणं आता समोरासमोर होतं.

"अगं, गंमत होती. मी आमच्या ग्रुपवर टाकली होती फक्त. कोणीतरी म्हणालं पेज काढ. मग लोक इतके आले... मला काय माहीत एवढं होईल."

"निळं फाटक."

"ते मी नाही लिहिलं. ते ग्रुपमधल्या एकीने..."

"तिला कोणी सांगितलं फाटक कुठल्या रंगाचं आहे?"

नवरा मधे आला. "हे बघ, झालं ते झालं. ती पेज उडवेल आत्ताच्या आत्ता. उडव गं. झालं ना?"

नणंदेने ओल्या हातानेच मोबाईल उचलला. ती दारातून पुढे झाली आणि तो हात धरला, मनगटाला, चांगला घट्ट.

"उडवायचं नाही. आधी पूर्ण क्लिप. सायकलवालं पोर आहे त्यात. तू कापलंस ते."

"सोड. दुखतंय."

सासूबाई खाली बसून भाजी निवडत होत्या. आता म्हणाल्या, "घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर न्यायच्या नसतात. घरात मिटव."

"चव्हाट्यावर मी नेल्या नाहीत, आई."

"तू पण कमी बोलत नाहीस," नणंद म्हणाली. आता हसू गेलं होतं, आवाज चिरका झाला होता. "सगळ्यांसमोर म्हणालीस ना मला, गाडी कळत नाही तुला. तो पोरगा फिदीफिदी हसला. तेव्हा तुला काही वाटलं नाही. तुझं आपलं सगळं बरोबरच असतं. लोक हसले तर एवढं लागलं?"

"म्हणाले मी. कारण तुला कळत नाही. ते तुला तोंडावर सांगितलं मी. नाव बदलून, ढोल लावून नाही सांगितलं. आणि सगळ्यांसमोर सांगितलं ते चुकलं, पुढे एकटीला सांगेन. पण माझ्या पोरीचं फाटक तू गावाला दाखवलंस."

"मी नाही..."

"उद्या चौकीत सांग."

चौकी हा शब्द आल्यावर सगळे एकदम बोलू लागले. नवरा म्हणाला, अगं बहीण आहे माझी. नणंद रडायला लागली, मोठ्याने, तोंडावर पदर नाही की हात नाही, लहान मुलीसारखी. सासूबाई उठल्या, गॅस बंद केला आणि थंडपणे म्हणाल्या, "चौकीत जायचं तर जा. पण मग पोरीला दुपारचं कुठे ठेवणार ते बघून जा. मी सांभाळणार नाही."

ती त्या वाक्यावर थांबली. सगळ्यांना ते दिसलं. हाच ब्रेक होता आणि तो बरोबर दाबला गेला होता. पाळणाघर दुपारी बंद होतं. तिची फेरी संध्याकाळपर्यंत चालते. आणि उद्या शनिवार.

टेबलाखालून मुलगी म्हणाली, "आत्या, ब्रेकबाई आली ना?"

तिने वाकून मुलीला उचललं, खडू तिच्या मुठीतच राहिला, आणि निघाली. जिन्यात नवऱ्याने गाठलं. "विचार कर," तो म्हणाला.

"केला. तू येणार आहेस का माझ्याबरोबर, एवढं सांग."

तो उभा राहिला. मग त्याने मुलीची पिशवी तिच्या हातातून घेतली. "चौकीच्या दारापर्यंत येतो," तो म्हणाला. तेवढंच. पण आला.

सकाळी चौकीतल्या बाईंनी आरशाचं चित्र पाहिलं आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "हं," त्या म्हणाल्या, "आता हे बोलतंय." तक्रार लिहून झाली. नणंदेला फोन गेला. ती आली, दाराशी उभ्या भावाकडे न बघता, आणि टेबलावर मोबाईल ठेवला. पूर्ण क्लिप अजून त्यात होती. दुसऱ्याला सगळं डिलीट कर म्हणणाऱ्या मुलीने स्वतः मात्र काहीच पुसलं नव्हतं.

"ही हवी आहे मला आज. माझ्या कामावर दाखवायला," ती म्हणाली.

"प्रत घेऊन जा. मोबाईल इथेच राहील." मग बाई नणंदेकडे वळल्या. "आणि तुम्ही. माफीनामा लिहाल तो याच पेजवर, स्वतःच्या नावाने. त्याने तक्रार मिटणार नाही, ते साहेब ठरवतील. पण लिहा."

"वहिनी, सांग ना यांना," नणंद म्हणाली. "माझ्या नोकरीचं काय होईल?"

ती नणंदेकडे बघत राहिली. तिला खूप काही म्हणता आलं असतं. स्टिकर करण्यासारखं. तिने ते गिळलं, कारण ते उत्तर आपलं राहणार नव्हतं.

"तेच मीही विचारत होते," ती म्हणाली, आणि उठली.

ऑफिसात दुसराच प्रकार होता. केबिनमध्ये काका बसलेले, इस्त्री तशीच कडक, कपाळावर फिकट डाग. चौकीत जाण्याआधी तिनेच त्यांना ऑफिसात या म्हणून फोन केला होता. त्यांनी हो-नाही न म्हणता ठेवून दिला होता. मालकांनी पूर्ण क्लिप टेबलावर ठेवून पाहिली. सायकल फटीतून आली. पोराचं डोकं बॉनेटच्याही खाली होतं. मालकांनी परत पाहिली.

"हे आधी का नाही दाखवलंत?"

"आधी नव्हतं माझ्याकडे."

"लोकांना पूर्ण क्लिप बघायला वेळ कुठे असतो," मालक पुटपुटले, पण त्यांचा आवाज पडला होता.

काकांनी घसा साफ केला. "ओरडलात ते मला आवडलेलं नाही," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "अजून आवडलेलं नाही. पण ते पोर मी पाहिलंच नव्हतं. घरी मुलाने विचारलं तर मी म्हणालो, बाईंनी उगाच ब्रेक मारला. खरं सांगायची लाज वाटली. तो मग इथे फोन करून बोलला, आणि मी बाजूला बसून ऐकत होतो." ते थोडे थांबले. "मालक, मी यांच्याकडेच शिकणार. नाहीतर पैसे परत द्या."

पैसे परत म्हटल्यावर मालकांनी किल्ली काढली. द्यायची की नाही असा क्षणभर हातात खेळवली. "महिनाभर कोणावर ओरडायचं नाही," ते म्हणाले.

"पोर समोर आलं तर ओरडेन," ती म्हणाली, आणि किल्ली घेतली.

हेडफोनला तिने त्याच्या कॉलेजच्या फाटकाशी गाठलं. म्हणाली, चूक माझी होती, सगळ्यांसमोर केली, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. त्याचे मित्र आजूबाजूला उभे होते. तो म्हणाला, "ठीक आहे," आणि हेडफोन काढले नाहीत. तो परत शिकायला आला नाही. ते तसंच राहिलं.

सासूबाईंचं दार बंद राहिलं. दुपारी घरी राहता यावं म्हणून नवऱ्याने पहाटेची पाळी मागून घेतली, कुरकुरत, आणि ती मिळेपर्यंत काही दिवस मुलगी टेबलावरच्या मुलीशेजारी बसून रस्त्याच्या खुणा रंगवत राहिली. मालक दरवेळी भुवया वर करत आणि दरवेळी काही बोलत नसत. नणंदेचा माफीनामा पेजवर आला, तीन ओळींचा, बेचव. खाली लोकांनी आता नणंदेवर तोंडसुख घेतलं. ते वाचून तिला बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. तिने त्याचेही स्क्रीनशॉट घेऊन ठेवले, कोणासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

काका परत आले त्या पहिल्या फेरीला मागे एक नवी मुलगी होती, बँकेत काम करणारी, मांडीवर मोबाईल. मुलगी बसताच तिने पुढून आपला कोपऱ्यातला आरसा थोडा वळवला, मागची सीट पूर्ण दिसेल इतका. मुलीने ते पाहिलं आणि मोबाईल पिशवीत टाकला.

सिग्नलला शेजारी मोटरसायकल येऊन थांबली. वरच्या दोघांनी गाडीवरचा बोर्ड वाचला, मग आत वाकून पाहिलं.

"ओ ब्रेकबाई," पुढचा म्हणाला. "समोर येऊन बोला ना."

मागचा हसत हसत मोबाईल काढू लागला. काकांचे कान लाल झाले. स्टिअरिंगवरचे हात आवळले गेले.

ती त्या दोघांकडे वळली नाही. छोट्या आरशात मागच्या मुलीला म्हणाली, "तुझा मोबाईल काढ. त्यांच्या नंबरप्लेटचा फोटो घे. तोंडं पण आली पाहिजेत."

मागून कॅमेऱ्याचा आवाज झाला. मोटरसायकलवरचं हसू जरा गडबडलं. मागच्याने मोबाईल खाली घेतला.

"डिलीट करू नकोस," ती मुलीला म्हणाली. मग तिने उजवा पाय आपल्या ब्रेकवर अलगद ठेवला. सिग्नल हिरवा झाला होता.

"काका," ती म्हणाली, "आधी आरसा."